गार खोलीतली खुर्ची

आमच्या आरोग्य केंद्राच्या तळमजल्यावर एक खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खाटा, रिकामी खोकी आणि कायम चुकीचं वजन दाखवणारा एक काटा यांचा सुखाचा संसार होता. भिंती जाड, खिडक्या सावलीच्या बाजूला, आणि डोक्यावर दोन मजले असल्यामुळे उन्हाशी तिचा थेट संबंध येत नाही. मागच्या उन्हाळ्यात माणसं एकामागून एक चक्कर येऊन आमच्याकडे यायला लागली, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "पडल्यावर सलाइन लावत बसण्यापेक्षा पडायच्या आधीच त्यांना सावलीत आणून बसवू या." बोलणं त्यांचं. खोली रिकामी करणं नर्सकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

मीही ती खोली हौसेनं मांडली. बाहेरच्या भिंतीला पांढरा रंग, खिडक्यांना जाड ओले पडदे, पडद्यांसमोर पंखे, कोपऱ्यात नळ लावलेलं पाण्याचं पिंप, शेजारी मीठ-साखरेच्या पाण्याचं भांडं, आडवं व्हायला दोन खाटा, बसायला बाकं. बाहेर अंगाची लाही होत असताना आत पाऊल टाकलं की खांदे आपोआप खाली उतरायचे. शेवटी मी दारावर ठसठशीत अक्षरात पाटी लावली: 'ज्येष्ठ व दुर्बल व्यक्तींसाठी उष्णतेपासून विश्रांती कक्ष'.

कुणी फिरकलं नाही. समोरच्या गल्लीतल्या आजीबाई एकदा दारात थांबल्या, पाटी वाचली आणि म्हणाल्या, "मी काय दुर्बल दिसते का गं तुला?" आणि त्या टळटळीत उन्हात ताठ मानेनं निघून गेल्या. मी पाटी काढून नुसतं 'गार खोली' असं लिहिलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ही खोली मरायला टेकलेल्यांची आहे, अशी बातमी सगळ्या वस्तीत झाली होती.

मग मी घरोघरी फिरायला लागले. माझा स्वभाव मुळात समजावण्याचा नाही, दटावण्याचा आहे. तरी गोड आवाजात सांगायचे, की पूर्वी दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवायचं, म्हणून माणूस दुसऱ्या दिवसाला तोंड द्यायचा. आता रात्रीच निवत नाहीत. शरीराला सुट्टीच मिळत नाही. तेव्हा निदान दुपार तरी त्याला द्या. लोक मान डोलवायचे, मला पाणी विचारायचे आणि आपल्या भट्टीसारख्या खोल्यांतच बसून राहायचे.

आणि ज्यांनी माझं सगळ्यात कमी ऐकलं, ते आमच्याच घरात राहत होते. माझे बाबा.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणतं. चालणं ताठ, बोलणं हुकमी, आणि ओठावर अशी मिशी, की तिच्याकडे बघून वर्गातली पोरं आपोआप रांगेत उभी राहायची. आईच्या माघारी ते आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी गच्चीवरची पत्र्याची खोली मागून घेतली. सकाळी व्यायामाला मोकळी हवा मिळते, हे कारण. ती खोली हिवाळ्यात स्वर्ग होती. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की मांजरसुद्धा त्याच्यावरून चालत नसे.

"आयुष्यभर उन्हात उभं राहून मी पोरांना कवायत शिकवली," ते म्हणायचे. "ऊन मला काय करणार?"

"बाबा, ते ऊन वेगळं होतं आणि तेव्हाचे तुम्हीही वेगळे होता. आता तुम्हाला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. त्या गोळ्या अंगातलं पाणी काढतात."

"नर्सबाई," ते मला चिडवायला नेहमी असंच म्हणत, "माझी ड्यूटी लावू नका."

मी कामावर जाताना ते शहाण्यासारखे खालच्या खोलीत बसलेले असायचे. माझी पाठ वळली, की वर.

उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच एका दुपारी मी काही विसरलेलं घ्यायला घरी आले, तर बाबा गच्चीच्या जिन्यात बसलेले. चेहरा लालबुंद, नजर भलतीकडे. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला आईच्या नावानं हाक मारली. आईचं नाव घेऊन म्हणाले, "शाळेची घंटा झाली का?"

मी त्यांना खाली आणलं, ओले टॉवेल मानेवर, काखेत ठेवले, पंखा लावला, केंद्रात फोन केला. डॉक्टरबाई स्वतः येऊन गेल्या, त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. संध्याकाळपर्यंत बाबा पूर्ववत झाले आणि पहिली गोष्ट काय केली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही म्हणून मला बजावलं. मी काढला नाही. पण त्यानंतर रोज दुपारी केंद्रात काम करताना माझं अर्धं लक्ष त्या पत्र्याच्या खोलीत असायचं. पुढच्या वेळी मी काही विसरले नाही, घरी गेलेच नाही, तर?

अशा वेळी निवांतकाकांचा प्रवेश झाला.

निवांतकाका म्हणजे कोपऱ्यावरचे सलूनवाले. हे नाव गावानं ठेवलेलं, आणि अगदी विचारपूर्वक ठेवलेलं. काका बोलत असताना कात्री चालवत नाहीत, आणि गप्प राहणं त्यांना जमत नाही. एक बट कापायची, कात्री हवेत धरायची, आरशातून गिऱ्हाइकाकडे बघायचं आणि सांगायला लागायचं, "तर काय झालं…" गोष्टी कुठल्या? सगळ्या. त्यांच्या चुलत्यानं घोड्याशी लावलेली पैज, जहाजावरच्या आचाऱ्याचं लग्न, दोन वेळा मेलेला माणूस. खऱ्या किती आणि रचलेल्या किती, हे त्यांनाही ठाऊक नसावं. लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशी केस कापायला बस, असं लोक एकमेकांना सांगायचे.

त्यांच्या दुकानावरही पत्राच. एका दुपारी डॉक्टरबाई तिथून जात होत्या, त्यांना काका घामाघूम होऊन खुर्चीला टेकलेले दिसले. त्यांनी तिथल्या तिथे दुकान दुपारपुरतं बंद करायला लावलं. काका बिचारे माझ्याकडे आले. हातात घडी होणारी खुर्ची, काखेत आरसा.

"पोरी, तुझी ती खोली रिकामीच असते म्हणे. मी एका कोपऱ्यात बसलो तर चालेल का?"

डॉक्टरबाईंनी नाक मुरडलं. आरोग्य केंद्रात केस? मी म्हटलं, केस झाडून काढता येतात, माणसं झाडून काढायची वेळ येऊ नये. काकांनी स्वतःचा झाडू आणायचं कबूल केलं आणि खुर्ची पिंपाशेजारी मांडली.

पहिल्या दिवशी दोन गिऱ्हाइकं आली. दुसऱ्या दिवशी बाकं भरली. केस कापून झालेले उठेनात, कारण गोष्ट अर्धी असायची, आणि काका ती पुढच्या माणसाच्या डोक्यावर पुरी करायचे. मग ज्यांचे नवरे दुपारभर घरी परतले नाहीत, त्या बायका त्यांना शोधत आल्या आणि "हे काय चाललंय" म्हणत स्वतःच बसल्या. समोरच्या गल्लीतल्या आजीबाई आल्या, अगदी बाकाच्या टोकावर बसल्या आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी गोष्टीसाठी आलेय हं." मी त्यांच्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला दिला. त्यांनी गोष्टीच्या भरात दोन प्यायले.

मी सगळ्यांना काकांच्या तोंडूनच सूचना द्यायला लागले. त्यांचा जहाजावरचा आचारी आता बाहेर निघण्याआधी पाणी प्यायचा, मानेभोवती ओला पंचा गुंडाळायचा आणि सावली धरून चालायचा. लोकांनी ते मुकाट्यानं ऐकलं. माझ्याकडून ऐकलं असतं तर जांभया दिल्या असत्या. हळूहळू वरच्या मजल्यावर सलाइनच्या बाटल्या कपाटातच राहू लागल्या. डॉक्टरबाई एकदा खाली आल्या, बाकावर बसल्या आणि दोन वेळा मेलेल्या माणसाचं पुढे काय झालं ते कळेपर्यंत हलल्या नाहीत. मला इतकं समाधान नोकरीत फार कमी वेळा मिळालं आहे.

आणि तरीही ज्या माणसासाठी माझा रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, तो येणार नव्हता. आता तर मुळीच नाही. कारण बाबा आणि निवांतकाका यांच्यात विस्तव जात नव्हता.

एकेकाळी दोघं जिवलग मित्र. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा दाढी करायला त्यांच्याकडे गेले. काका घोड्याच्या पैजेची गोष्ट सांगत होते आणि त्या दिवशी नेमका त्यांनी नियम मोडला, बोलता बोलता वस्तरा चालवला. पैज रंगात आली आणि कुणाच्या तोंडावर हात फिरतोय याचा त्यांना विसर पडला. अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी ठेवून तरी काय करणार? लग्नाच्या सगळ्या फोटोंत बाबांनी तोंडावर रुमाल धरला आहे. मुलगी सासरी जाते म्हणून मास्तरांना किती गहिवरून आलंय, असं म्हणत पाहुण्यांनी डोळे पुसले. बाबा मिशीसाठी रडत होते हे फक्त आईला आणि मला माहीत होतं.

मिशी पुन्हा आली, मैत्री आली नाही. तेव्हापासून बाबा दोन आरसे समोरासमोर धरून आपले केस आपणच कापतात. मागून पाहिलं की गाय अर्धवट चरून उठून गेल्यासारखं दिसतं. पण त्यांना मागून बघून हसायची कुणाची छाती नाही.

"त्या कात्रीवाल्याच्या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही," त्यांनी जाहीर केलं. मी खोली माझी आहे म्हणून सांगून पाहिलं. मी रागावले. रडूनही पाहिलं, खोटं नव्हे, खरंच आलं रडू. ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले.

एकदा दुपारी काका झाडू मारता मारता म्हणाले, "पोरी, सगळं गाव येतं. मास्तर तेवढे येत नाहीत."

आणि माझा तोल गेला. "कसे येतील? तुम्ही इथे बसलाय ना! तुमच्या त्या घोड्यापायी माझा बाप पत्र्याखाली भाजून निघतोय." मग मी जिन्यातली सगळी गोष्ट सांगितली. चेहरा, नजर, आईचं नाव, शाळेची घंटा. बोलून झाल्यावर मला वाईट वाटलं. काका झाडूवर हात ठेवून उभे होते. निवांतकाकांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं आग ओकत होतं. खोली भरलेली. मी वर एका बाळाला लस टोचून खाली आले, तर खुर्चीत बेकरीवाला बसलेला, एका गालावर फेस वाळत चाललेला, दुसरा गाल गुळगुळीत. काका नव्हते.

"कुठे गेले?"

"'आलोच' म्हणाले आणि पिशवी घेऊन गेले," बेकरीवाला म्हणाला. "सिस्टर, दाढीचं जाऊ द्या. आचाऱ्याची बायको जहाजावर चढली की नाही, तेही सांगितलं नाही."

इतक्या उन्हात, या वयात, आणि तेही काल मी तोंडाला येईल ते बोलल्यावर. मी टॉवेल भिजवून घेतला, छत्री घ्यायलाही थांबले नाही, आणि धावतच फाटकापाशी पोचले.

समोरून दोघं येत होते. बाबांनी आपली मोठी काळी छत्री पूर्णच्या पूर्ण काकांच्या डोक्यावर धरली होती. दुसऱ्या हातानं त्यांचा दंड घट्ट पकडला होता, आणि तोंड कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात चालू होतं.

"काही अक्कल? वय काय, ऊन काय, आणि निघाला जिने चढायला. सावकाश. पाय उचल. बोलू नकोस, दम लागेल."

काका खरंच बोलत नव्हते. मान खाली घालून, पाय ओढत चालले होते.

बाबा खोलीत शिरले आणि गरजले, "खुर्ची मोकळी करा." बेकरीवाला फेसासकट उठला. बाबांनी काकांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडे वळले. "नर्सबाई, बघा याला. दारात आला, म्हणे मिशीची माफी मागायला आलोय. इतकी वर्षं सवड झाली नाही, आज भर दुपारी आठवण आली! एवढं बोलला आणि मटकन जिन्यात बसला. पाणी द्या म्हणाला, चक्कर येते म्हणाला. त्या पत्र्याखाली याला ठेवणार कुठे? म्हणून घेऊन आलो."

मी गुडघ्यावर बसून काकांची नाडी धरली. एकदम शांत आणि भरदार, झोपलेल्या बाळासारखी. कपाळ गार. मानेभोवती पंचा, तो अजून ओला, नीट दोन वेढे देऊन बांधलेला. पिशवीतून डोकावणारी पाण्याची बाटली जवळजवळ रिकामी. म्हणजे आचाऱ्याच्या तोंडी मी जे जे घातलं होतं, ते ते काकांनी पाळलं होतं. केंद्रातून आमच्या घरी मागच्या गल्लीनं गेलं तर सगळी वाट सावलीची आहे. इतक्या बंदोबस्तानं निघालेल्या माणसाला चक्कर येत नाही.

मी वर पाहिलं. काकांचे डोळे मिटलेले होते, पण पापण्या थरथरत होत्या. शाळेत खोटं खोटं आजारी पडलेल्या पोराच्या थरथरतात तशा.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं. आवाजातला सगळा रुबाब गेला होता. त्यांचा हात अजून काकांच्या खांद्यावर होता.

पेशंटबद्दल मी कधी खोटं बोलत नाही. ते माझं तत्त्व आहे.

"आता ठीक वाटतायत," मी म्हणाले. "पण बाबा, यांच्यावर लक्ष ठेवायला दुपारी कुणीतरी जवळ पाहिजे. उन्हाळा संपेपर्यंत. मला वरचं काम असतं."

"मी आहे ना," बाबा म्हणाले, आणि बाकावर ताठ बसले. आजीबाईंनी त्यांच्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला दिला. काकांवरची नजर न काढता त्यांनी तो रिकामा केला.

तेव्हापासून बाबा दुपार व्हायच्या आत हजर होऊ लागले. काकांना पाणी प्यायला लावायचे, त्यासोबत स्वतः प्यायचे, म्हणजे काका टाळाटाळ करणार नाहीत. पडदे वाळले की भिजवायचे. बाकावरच्या सगळ्यांना तासातासानं उभं करून हातपाय हलवायला लावायचे, आजीबाईंनासुद्धा, आणि त्या तक्रार करत करत हात वर करायच्या. काकांच्या गोष्टीत घोड्याचा रंग बदलला की जागच्या जागी चूक दाखवायचे. काका एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोरी, तुझा बाप मला जगू देत नाही." चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

मग एक दुपार आली. खुर्ची रिकामी होती. बाबा उठले, काही न बोलता तिच्यात जाऊन बसले आणि मान ताठ केली.

"मागचं नीट कर," ते म्हणाले. "आणि मिशीची टोकं. फक्त टोकं."

बेकरीवाल्यानं तोंडावर हात ठेवला. काकांनी कात्री पुसली, पुन्हा पुसली, आणि कामाला लागले. आणि आमच्या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं ते झालं. अख्खी हजामत होईपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत. ओठ घट्ट मिटून, श्वास धरून, एकेक केस मोजल्यासारखे कापत गेले. बोलणं नसल्यामुळे काम बघता बघता संपलं. मिशी दोन्ही बाजूंनी अशी सारखी झाली, की बाबांनी आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि तिला हलकेच पीळ दिला.

मग ते उठले, अंगावरचे केस झटकले आणि दाराकडे चालू लागले.

मिशी झाली, माफी झाली, काकाही ठणठणीत दिसत होते. आता यांना इथे बांधून ठेवणारं काय उरलं? बाहेर पांढरं ऊन होतं, आणि गच्चीवर तो पत्रा होता.

बाबा दारात उभे राहिले. त्यांनी पडदा बाजूला करून रस्त्याकडे पाहिलं, कपाळावर हात धरून वर पाहिलं. मग पडदा नीट सारखा केला आणि परत येऊन बाकावरच्या आपल्या जागी बसले.

"एवढ्या उन्हात कुठे जाऊ?" ते म्हणाले. "उतरू दे जरा. आणि तू काय तोंड शिवून उभा आहेस रे? तो आचारी कुठे होता?"

काकांनी कात्री हवेत धरली. "तर काय झालं…"

'एवढ्या उन्हात कुठे जाऊ?' सगळा उन्हाळा मला बाबांच्या तोंडून एवढंच एक वाक्य हवं होतं. मी पडदा भिजवायचं निमित्त करून भिंतीकडे तोंड केलं आणि पोटभर रडून घेतलं.

"नर्सबाई," मागून बाबांची हाक आली. "गोष्ट सुरू झालीये. बसा इथे."

मी डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.